येसरातली डाळ आणि मायचा गुडघा

मायच्या उजव्या गुडघ्याचे तीन फोटो आमच्या घरात आहेत. एक्स-रेला आमच्याकडं फोटोच म्हणतात. पहिला २०१४चा, दुसरा २०१९चा, तिसरा गेल्या दिवाळीनंतरचा. सातबारा, पीकविम्याच्या पावत्या आणि माझी दहावीची मार्कशीट ज्या पिशवीत आहे, त्याच पिशवीत हे तिन्ही फोटो. खिडकीशी ओळीनं धरले की मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधली काळी फट बारीक होत गेलेली दिसते. शेवटच्या फोटोत आतल्या बाजूला ती फट जवळपास नाहीच.

लातूरच्या डॉक्टरांनी तो फोटो लाइटच्या डब्यावर लावला आणि म्हणाले, "मावशी, गादी झिजली. वंगण संपलं. वाटी बदलावी लागंल." माय एका झटक्यात समजली. आण्णांची बैलगाडी होती तोवर आख, वंगण, धाव हे तिच्या रोजच्या बोलण्यातले शब्द होते. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आख झिजला की बदलायचाच की. त्यात काय इच्चारायचं?"

मी मात्र तिथंच अडकले. मी लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजे जनुकांची माहिती कॉम्प्युटरवर तपासायचं शास्त्र, शिकवते. तास घेतले तर पैसे, मे महिन्यात ठणठणाट. त्या रिकाम्या मे महिन्यात मी जे करत बसले, त्याबद्दल हे लिहितेय.

आधी 'झीज' या शब्दाबद्दल. सांध्यातली कूर्चा, म्हणजे लोक जिला गादी म्हणतात ती, काही मिलिमीटर जाडीची गुळगुळीत चादर असते. तिच्यात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. आता मला सांगा, ज्या वस्तूला संवेदनाच नाही ती झिजली म्हणून माय रात्री दोन वाजता उठून गुडघा चोळत का बसते? हाडावर हाड घासतंय म्हणून, असं सगळे सांगतात. ते थोडंफार खरंही आहे, कारण कूर्चेखालच्या हाडाला नसा असतात. पण मग काही लोकांचे फोटो मायच्या फोटोपेक्षा वाईट असून ते पंढरपूरला चालत जातात, आणि काहींचा फोटो बरा असून त्यांना खाटेवरून उठवत नाही, हे कसं? हाडांच्या डॉक्टरांना ही विसंगती चांगली ठाऊक आहे. १९५७पासून एक्स-रे शून्य ते चार अशा पायऱ्यांत मोजायची केलग्रेन-लॉरेन्सची रीत आहे. मायची पायरी चौथी. पण ती पायरी फटीची आणि हाडाला फुटलेल्या काट्यांची, दुखण्याची नव्हे.

दुसरी गोष्ट धाकट्या चुलतीची. तिचेही गुडघे धरलेले. कुणीतरी जत्रेतून पुड्या आणल्या, 'वाताचं औषध' म्हणून. तिसऱ्या दिवशी चुलती तरातरा चालत शेतात. गावभर नाव झालं. सहा महिन्यांत तिचा चेहरा गोल टम्म झाला, साखर वाढली, आणि पुडी बंद केल्यावर अंगात त्राण राहिला नाही. अशा पुड्यांत बऱ्याचदा गुपचूप स्टेरॉईड मिसळलेलं असतं. तिच्या पुडीची तपासणी कुणी केली नाही, पण लक्षणं बघता मला शंका वाटत नाही. मी तेव्हा चिडले होते, अजूनही चिडते. चिडून झाल्यावर मात्र डोक्यात एक प्रश्न राहिला. आख झिजला असेल तर स्टेरॉईडनं गाडी पळत नाही. स्टेरॉईड दाह दाबतं, प्रतिकारशक्तीच्या पेशींना गप्प बसवतं. म्हणजे चुलतीच्या गुडघ्यात गप्प बसवण्यासारखं कुणीतरी होतं.

(पुड्या घेऊ नका. हे लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही.)

तर ते 'कुणीतरी' कोण? सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं, त्याला सायनोव्हियम म्हणतात. आपण ज्याला वंगण म्हणतो तो चिकट द्रव हेच अस्तर बनवतं. अस्तरात रक्तवाहिन्या आहेत, नसा आहेत आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशी कायम मुक्कामाला असतात. त्यांचं काम झाडलोट. कूर्चेचे सुटलेले कण, मेलेल्या पेशी, सगळं गिळून टाकायचं. २०१९ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका कामात तर असं दिसलं की अस्तराच्या अगदी काठावरचे मॅक्रोफेज एकमेकांना घट्ट धरून कुंपणासारखे उभे असतात, आतला सांधा बाहेरच्या धामधुमीपासून वेगळा ठेवतात. त्यातलं बरंचसं काम उंदरांवरचं आहे, पण वाचून मला आमच्या शेताच्या बांधावरचं घायपात आठवलं.

कचरा हाताबाहेर गेला की या झाडूवाल्यांचा स्वभाव बदलतो. कूर्चेचे तुकडे त्यांना घुसखोरीच्या खुणेसारखे वाटतात. मग ते आयएल-१ बीटा, टीएनएफ अशी रसायनं सोडतात. ती कूर्चेतल्या पेशींपर्यंत पोचली की त्या पेशींत एमएमपी-१३ आणि अडॅमटीएस-५ या जनुकांचा आवाज चढतो. एमएमपी-१३पासून बनणारं विकर (एन्झाइम) कूर्चेतले कोलॅजनचे धागे कापतं. अडॅमटीएस-५चं विकर अॅग्रिकॅन तोडतं, म्हणजे पाणी धरून ठेवणारा आणि गादीला गादीपण देणारा रेणू. आणखी तुकडे सुटतात, अस्तर आणखी चेततं. माझ्या दृष्टीनं गोम इथं आहे: गादी नुसती झिजत नाही, ती आतून पोखरलीही जाते, आणि पोखरणारी अवजारं आपल्याच पेशी आपल्याच जनुकांवरून घडवतात. आख स्वतःला कधी कुरतडत नाही.

जनुकाचा 'आवाज' म्हणजे काय, तेही सांगते, कारण मायलाही तसंच सांगितलं होतं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत पोथी तीच आहे. कोणती पेशी कोणतं पान किती मोठ्यानं वाचते, यावर ती कूर्चेची की अस्तराची हे ठरतं. वाचलेल्या पानाची एक कच्ची नक्कल निघते, आरएनए. ऊतीचा तुकडा घेऊन त्यातल्या नकला मोजल्या की कोणतं पान किती वाचलं जातंय ते कळतं.

मे महिन्यात मी ते मोजायला बसले. प्रयोगशाळा नाही, पैसे नाहीत, आठ जीबीचा लॅपटॉप आणि दुपारी जाणारी लाईट. पण अमेरिकेत जीईओ नावाचं एक सरकारी कोठार आहे, तिथं जगभरच्या संशोधकांनी आपापली मोजमापं ठेवलीत. कुणीही फुकट उतरवून घ्यावीत. त्यातले गुडघ्याच्या अस्तराचे फार वापरले गेलेले संच जर्मनीतले आहेत. मी घेतला त्यात तीस नमुने: दहा निरोगी, दहा ऑस्टिओआर्थरायटिसचे, म्हणजे मायच्याच दुखण्याचे, आणि दहा आमवाताचे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिसचे. प्रत्येक नमुन्यात २२ हजारांहून जास्त आकडे. तीस रकान्यांचा तो तक्ता माझ्या लॅपटॉपवरही आरामात उघडला.

माय शेजारी लसूण सोलत होती. म्हणाली, "काय करलालीस?"

म्हणलं, "गुडघे बघलालेय."

"त्यात माझा हाय का?"

"नाही. जर्मनीतल्या लोकांचे हायत."

"जर्मनीतल्या बाया उकिडवं बसत्यात व्हय?"

या प्रश्नाकडं परत येते. आधी मला येसराबद्दल सांगायचंय.

आमच्याकडं येसर म्हणजे गहू, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ खमंग भाजून, त्यात धने-जिरे आणि मसाला घालून दळलेलं पीठ. लग्नसराईत त्याची आमटी होते आणि पंगतीत लोक वरणापेक्षा तीच जास्त ओरपतात. मायची जीभ येसराच्या बाबतीत गावात प्रमाण मानली जाते. कुणाच्याही घरचं येसर आणा, चिमूटभर जिभेवर ठेवून ती सांगते: डाळ कमी पडलीय, धने जास्त झालेत, बाजरी जरा करपवली. दळून एकजीव झालेल्या पिठातून ती मूळ वाटे ओळखते.

अस्तराचा तुकडा असाच एकजीव असतो. त्यात मॅक्रोफेज, टी पेशी, बी पेशी, मास्ट पेशी, अस्तराच्या स्वतःच्या पेशी, सगळं एकत्र वाटून आरएनए काढलेला. समजा एखाद्या जनुकाचा आकडा दुप्पट झाला. ते जनुक बोलणाऱ्या पेशी दुप्पट झाल्या, की पेशी तेवढ्याच आहेत पण ओरडायला लागल्यात? नुसत्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून २०१५ साली स्टॅनफर्डच्या लोकांनी सायबरसॉर्ट नावाची एक रीत काढली. तिला २२ प्रकारच्या प्रतिकार-पेशींची चव आधीच पाठ आहे. मिश्रण दिलं की ती सांगते, यात हे एवढे टक्के, ते तेवढे टक्के. माय जे येसराचं करते, नेमकं तेच.

मी चालवलं. रंगीत पट्ट्यांचा आलेख आला आणि मी हुरळून गेले. ऑस्टिओआर्थरायटिसच्या दहांत आणि निरोगी दहांत फरक दिसत होता, म्हणजे अस्तरात प्रतिकार-पेशींचा मेळ बदललेला होता. पण सगळ्यात ठळक फरक चमत्कारिक निघाला. आजारी गटात 'निवांत' मास्ट पेशी जास्त, आणि 'चेतलेल्या' मास्ट पेशी निरोगी गटात जास्त. मास्ट पेशी म्हणजे हिस्टामिनचे भरलेले डबे, चेतल्या की खाज, सूज. त्या निरोगी गुडघ्यात चेतलेल्या कशा? हाच निकाल कितीतरी छापील शोधनिबंधांतही दिसतो, कारण संच तोच आणि रीतही तीच. बरेच जण तो जसाच्या तसा लिहून पुढं जातात.

मला दोन दिवस झोप लागली नाही. शेवटी वाढलेल्या-घटलेल्या जनुकांची यादी नीट वाचली. निरोगी बाजूला वर कोण बसलं होतं? जून, फॉस, एटीएफ-३. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही नावं बघून कान टवकारावेसे वाटतात. ही पेशीची पहिली बोंब मारणारी जनुकं. ऑक्सिजन तुटला, ऊती कापली, मार बसला की काही मिनिटांत यांचा आवाज चढतो. मग आठवलं की निरोगी माणूस आपल्या गुडघ्याचं अस्तर कापून देत नाही. अशा संचांतले 'निरोगी' नमुने अपघातात सांधा दुखावलेल्या लोकांचे किंवा मृत्यूनंतर काढलेले असतात. म्हणजे मी आजारी गुडघा शांत गुडघ्याशी ताडून बघत नव्हते. ज्याच्यावर नुकतंच काहीतरी कोसळलंय, अशा गुडघ्याशी ताडून बघत होते.

आता तो मास्ट पेशींचा निकाल खोटाच आहे असं मी म्हणत नाही. पण त्यावर माझं घर बांधणार नाही.

दुसरी अडचण मायनंच दाखवली, नकळत. मामेबहिणीनं कर्नाटकातून, बिदरकडून, एक मसाला आणला होता. मायनं चव घेतली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "मेथी जास्त झालीय." मसाल्यात मेथी नव्हतीच. काहीतरी दुसरं कडवट होतं, जे मायनं जन्मात कधी चाखलं नव्हतं. जिभेला जे माहीत नाही ते जीभ ओळखीच्या खात्यात टाकते. सायबरसॉर्टची २२ चवींची यादी मुख्यतः रक्तातल्या आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरून केलेली आहे. सांध्याच्या अस्तरातच राहणारे, कुंपण धरून उभे राहणारे मॅक्रोफेज त्या यादीत नाहीत. अस्तराच्या स्वतःच्या पेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, नाहीत, आणि अस्तरात त्यांचीच तर वस्ती दाट. मग त्यांचा आवाज कुणाच्या खात्यावर पडत असेल?

अलीकडं एकेक पेशी सुटी करून प्रत्येकीचा आरएनए वेगळा वाचायचं तंत्र आलंय. दळण्याआधी दाणे निवडून मोजावेत तसं. त्यात गुडघ्याच्या अस्तरातले मॅक्रोफेज एकाच जातीचे नाहीत हे दिसलं. काही झाडलोट करणारे, काही आग लावणारे. पण तिथंही पेच आहे. पेशी सुट्या करायला विकरं घालून ऊती कोमट ठेवावी लागते, आणि तेवढ्या वेळात जून आणि फॉस पुन्हा बोंब ठोकतात. आगीतून फुफाट्यात.

या सगळ्या उठाठेवीतून मायच्या हाती काय? खरं सांगायचं तर थोडंच. आमवातात टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनांनी कितीतरी माणसं उभी राहिली. तीच औषधं ऑस्टिओआर्थरायटिसला लावून बघितली तर बहुतेक चाचण्यांत फारसं काही हाती लागलं नाही. दुसरीकडं, नेदरलँड्समधल्या २०१९च्या एका चाचणीत हाताच्या बोटांच्या ऑस्टिओआर्थरायटिसला रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड सहा आठवडे दिलं आणि दुखणं स्पष्ट कमी झालं. चुलतीची पुडीच ती, पण मोजून-मापून, डॉक्टरांच्या नजरेखाली आणि ठरल्या दिवशी थांबवून. २०२३ साली ऑस्ट्रेलियात अस्तर सुजलेल्या हातांना आठवड्याला २० मिलिग्रॅम मेथोट्रेक्झेट, प्रतिकारशक्तीला आवरणारं औषध, दिलं, तिथंही सहा महिन्यांनी फरक दिसला. गुडघ्यांवरचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. मला वाटतं, 'ऑस्टिओआर्थरायटिस' ही एकच पाटी लावून आपण चार-पाच वेगळे आजार एका पोत्यात भरलेत. कुणाचा गुडघा अस्तराच्या आगीनं जातो, कुणाचा वजनानं, कुणाचा जुन्या मारानं. पोतं शिवून टाकलं की आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि एक्स-रे म्हणजे बाहेरून बघणंच.

आता मायचा प्रश्न. जर्मनीतल्या बाया उकिडवं बसत नसाव्यात. बीजिंगमध्ये मात्र बसतात, आणि तिथल्या एका मोठ्या पाहणीत तरुणपणी रोज कित्येक तास उकिडवं बसलेल्या लोकांत गुडघ्याचा हा आजार जास्त सापडला होता. तिथल्या म्हाताऱ्या बायकांत गुडघ्याचं हे दुखणं अमेरिकेतल्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त निघालं, अंगानं त्या बारीक असूनही. माय खुरपायला उकिडवी, भाकरी थापायला उकिडवी, धुण्याला उकिडवी. सोयाबीन काढायला लागलो तेव्हापासून कंबरेतून वाकायची सवय, पण त्याआधी मूग-उडीद-करडई. माझ्या तक्त्यात तिच्यासारखा एकही रकाना नाही. तीस गुडघ्यांत एकही खुरपणारा गुडघा असेल असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट वाचली, ती डोक्यातून जात नाही. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ साली कूर्चेतल्या कोलॅजनचं वय काढलं. पन्नास-साठच्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेत जो जास्तीचा कार्बन-१४ मिसळला, त्याच्या खुणेवरून. निघालं असं की वाढीचं वय सरल्यावर गुडघ्यातलं कोलॅजन जवळजवळ नव्यानं बनतच नाही. लहानपणी जे विणलं गेलं तेच जन्मभर. माय १९६२ची. बहात्तरच्या दुष्काळात दहा वर्षांची होती, आजीबरोबर रोजगाराच्या कामावर खडी वेचायला जायची, आणि खायला सुकडी नाहीतर ती लाल मिलो ज्वारी. म्हणजे आज चौथ्या पायरीवर असलेल्या त्या गादीत जे काही उरलंय, त्यातले किती धागे सुकडीवर आणि मिलोवर विणलेले आहेत! हे सांगितल्यावर माय हसली. "मिलोची भाकर थापायला यायची न्हाई, तुटायची," म्हणाली. "गुडघा बरा टिकला मग."

ऑपरेशन ठरलंय, राशी झाल्यावर. मी मधल्या काळात एक खटपट करून बघितली. सांधा बदलताना सायनोव्हियमचा भाग आणि कापलेली हाडं निघतातच. म्हणलं, आमच्या भागातल्या अशा दहा गुडघ्यांचं अस्तर ठेवलं तर? एके ठिकाणी विचारलं. नैतिक समितीची परवानगी लागेल, रुग्णाची सही लागेल, हे बरोबरच आहे. पण त्यांनी मुख्य अडचण सांगितली ती गारठ्याची. आरएनए फार नाजूक, तुकडा काढल्याबरोबर गोठवावा लागतो, आणि "द्रव नायट्रोजन आपल्याकडं कुठं मिळणार मॅडम?"

मी गप्प बसले, कारण मला आण्णांची देवणी गाय आठवत होती. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात एक ॲल्युमिनियमचं नळकांडं आहे. झाकण काढलं की पांढरी वाफ भसकन वर येते. आत देवणी वळूच्या वीर्यकांड्या, उणे १९६ अंशावर. ते नळकांडं वेळेवर भरलं जातं, चुकलं तर गावचे लोक दवाखान्यापुढं जाऊन बसतात. गारठा आमच्याकडं आहे. फक्त तो गुरांच्या डॉक्टरांकडं आहे.

दोन्ही डॉक्टरांना एका टेबलाशी बसवायचं माझं अजून जमलेलं नाही. तासिका तत्त्वावरच्या बाईच्या पत्राला आवक क्रमांक मिळतो, उत्तर मिळत नाही.

परवा मायनं विचारलं, "जुनी वाटी काढल्यावर घरी देत्यात का?"

"नाही. पिवळ्या पिशवीत घालतात. मग भट्टीत जाते."

तिनं जरा वेळ गुडघ्यावरून हात फिरवला. "साठ वरसं चालिवला. निदान बगायचा तरी हुता."

मग म्हणाली, धाकल्या चुलतीचा फोटो पण काढून आणू एकदा. आणि जात्यापाशी बसवत नाही म्हणून या वर्षीचं येसर गिरणीतूनच दळून आणावं लागेल, तर गिरणीवाल्याला आधी सांगून ठेव, आमच्या आधी मिरच्या दळू नको म्हणावं.